फ्लड झोनची रेघ आणि आपले घर

अमेरिकेत कर्ज काढून घर घेताना कागदांचा जो गठ्ठा समोर येतो, त्यात पुराच्या धोक्याचा एक छोटासा फॉर्म असतो. घर ‘स्पेशल फ्लड हॅझर्ड एरिया’त येते का, एवढाच त्यातला मुख्य प्रश्न, आणि त्यापुढे हो किंवा नाही. ‘नाही’वर खूण दिसली की आपले मन निश्चिंत होते आणि हात सह्या करत पुढच्या पानाकडे वळतो. ह्यूस्टनजवळ केटीला राहणाऱ्या आमच्या एका मित्राने २०१४ साली असेच केले. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पावसात त्याच्या घरात अडीच फूट पाणी शिरले आणि कित्येक दिवस हलले नाही. घराचा विमा होता, हप्ता एकदाही चुकला नव्हता. विमा कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले, छप्पर उडून वरून पाणी आले असते तर आम्ही बघितले असते. जमिनीवरून वाहत आत आलेले पाणी या पॉलिसीत बसत नाही. वहिनी मला फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या. “भाऊजी, आपण फ्लड झोनमध्ये नाही, असं त्यांनीच लिहून दिलं होतं ना?”

लिहून दिलेले खोटे नव्हते. पण त्या कागदावर जे उत्तर असते ते बँकेच्या प्रश्नाचे: या घराला कायद्याने पूरविमा सक्तीचा आहे का? ‘माझ्या घरात पाणी येईल का’ हा आपला प्रश्न, आणि तो त्या गठ्ठ्यात कुणी विचारलेलाच नसतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की माणसे वीस वर्षांची कमाई एका रात्रीत गमावतात. हार्वीनंतर मी हा विषय मुळापासून वाचून काढला, आणि तेव्हापासून घर शोधणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला तो सांगत आलो आहे. तेच इथे जरा नीट लावून लिहितो.

घराच्या विम्यात पूर का नसतो

नेहमीचा होमओनर्स विमा आग, वारा, चोरी, अचानक फुटलेला पाइप अशी नुकसाने भरून देतो. पूर मात्र त्यातून जवळजवळ सरसकट वगळलेला असतो. याचे कारण विम्याच्या गणितातच आहे. आग बहुधा एका वेळी एका घराला लागते, आणि हजार घरांच्या हप्त्यांतून त्या एका घराचे नुकसान निघते. पूर आला की सगळी वस्ती एकदम पाण्याखाली जाते. शिवाय पूरविमा घ्यायला पुढे येणार कोण? नदीकाठचे लोक. उंचावरचा माणूस कशाला हप्ता भरेल? म्हणजे हप्ते मोजक्यांचे आणि नुकसानभरपाई त्या सगळ्यांनाच. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, त्यानंतर खासगी कंपन्यांनी या व्यवहारातून अंग काढून घेतले. १९६५ च्या बेट्सी वादळाने लुइझियानात हाहाकार उडवला तेव्हा काहीतरी केलेच पाहिजे हे सरकारला पटले, आणि १९६८ मध्ये कायदा होऊन नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम, म्हणजे एनएफआयपी, सुरू झाला.

या योजनेमागे एक करार आहे. शहराने किंवा काउंटीने पूरक्षेत्रातल्या बांधकामावर ठरावीक नियम लावायचे, आणि त्या बदल्यात तिथल्या रहिवाशांना केंद्र सरकारच्या पाठबळाचा विमा मिळायचा. पण विमा ऐच्छिक होता तोवर तो फार थोड्यांनी घेतला. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाने हे उघडे पाडले, आणि १९७३ च्या कायद्याने सक्ती आणली. आज ही योजना फेमा चालवते. (आपल्याकडच्या परकीय चलन कायद्याचे नाव तेच असल्याने नव्याने आलेले लोक गोंधळतात, ही आपत्ती व्यवस्थापनाची संस्था आहे.) पॉलिसी बहुतेक वेळा एखाद्या खासगी कंपनीच्या नावाने हातात पडते, पण एनएफआयपीची असेल तर पैसा आणि अटी सरकारच्या. दोन कंपन्यांकडे भाव विचारून घासाघीस करण्यात तिथे अर्थ नाही, कारण भाव एकच असतो.

‘शंभर वर्षांचा पूर’ हे फसवे नाव

सगळा विषय एका आकड्यावर उभा आहे: १ टक्का. एखाद्या जागी दर वर्षी पूर येण्याची शक्यता किमान १ टक्का असेल, तर ती जागा ‘स्पेशल फ्लड हॅझर्ड एरिया’त धरतात. यालाच बोलीभाषेत शंभर वर्षांचा पूर म्हणतात, आणि इथेच घात होतो. ऐकणाऱ्याला वाटते, शंभर वर्षांतून एकदा येणार, गेल्या खेपेला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही.

निसर्ग असा हिशेब ठेवत नाही. शंभर चिठ्ठ्यांची एक पिशवी आहे आणि त्यातल्या एका चिठ्ठीवर ‘पूर’ लिहिले आहे असे समजा. दर वर्षी एक चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत पिशवीत टाकायची. यंदा ‘पूर’ निघाला म्हणून पुढच्या वर्षी ती चिठ्ठी पिशवीतून नाहीशी होत नाही. घराचे कर्ज ३० वर्षांचे असते, म्हणजे तीस वेळा हात घालायचा. तिसाही वेळा कोरी चिठ्ठी निघण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. चारात एक. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून जो माणूस स्वस्थ बसतो, तोच ‘चारात एक’ ऐकल्यावर खुर्चीत सरसावून बसतो. आकडा तोच असतो. ह्यूस्टनने तर २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे मोठे पूर पाहिले.

नकाशावरची अक्षरे

फेमा जे नकाशे काढते त्यांना फ्लड इन्शुरन्स रेट मॅप म्हणतात. फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की आपल्या घराचा तुकडा फुकट बघता येतो. त्यावर जी अक्षरे दिसतात त्यांचा अर्थ लावायला फार वेळ लागत नाही.

ए किंवा व्ही या अक्षराने सुरू होणारे सगळे झोन त्या १ टक्क्याच्या धोक्यातले. सर्वांत जास्त भेटतो तो एई: इथे सविस्तर अभ्यास झालेला असतो आणि त्या मोठ्या पुरात पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत चढेल हा आकडा नकाशावर लिहिलेला असतो. त्या उंचीला बेस फ्लड एलेव्हेशन म्हणतात. नुसता ए असेल तर धोका मान्य आहे पण उंची काढलेली नाही. एएच म्हणजे साचणारे उथळ पाणी, एओ म्हणजे उतारावरून पसरत जाणारे उथळ पाणी. दोन्हींत खोली साधारण १ ते ३ फूट. व्ही आणि व्हीई समुद्रकाठचे, जिथे पाण्याबरोबर ३ फूट किंवा त्याहून उंच लाटांचा मारही बसतो. तिथे घरे खांबांवर उभी करावी लागतात.

मग उरतो एक्स. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक घर विकणारे लोक सहसा सांगत नाहीत. छटा भरलेला एक्स म्हणजे दर वर्षी ०.२ टक्के शक्यता, ज्याला पाचशे वर्षांचा पूर म्हणतात. तीस वर्षांच्या हिशेबात तो सुमारे ६ टक्के होतो. बांधाने संरक्षित केलेल्या जागाही अनेकदा याच छटेत दाखवतात, आणि बांध फुटला तर काय होते हे न्यू ऑर्लिन्सने २००५ मध्ये पाहिले. छटा नसलेला एक्स त्याहून कमी धोक्याचा. जुन्या नकाशांवर या दोघांच्या जागी बी आणि सी दिसतात. डी असेल तर तिथे अभ्यासच झालेला नाही. ‘धोका नाही’ असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

नकाशाला जे दिसत नाही

आमच्या मित्राचे घर एक्समध्ये होते. ह्यूस्टन शहर ज्यात येते त्या हॅरिस काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाने हार्वीनंतर जो हिशेब मांडला, त्यानुसार काउंटीतल्या दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरले आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश घरे १ टक्क्याच्या रेघेबाहेर होती. बुडालेल्या घरांपैकी ६४ टक्के घरांचा पूरविमा नव्हता. वहिनींच्या त्या प्रश्नामागे एवढी कुटुंबे उभी होती.

नकाशे काढणारे लोक आपले काम प्रामाणिकपणे करतात. पण नकाशाला त्याच्या स्वभावातच मर्यादा आहेत. तो मुख्यतः नद्या, ओढे आणि समुद्र यांच्या पाण्याचा अभ्यास करतो. शहराच्या मध्यभागी ढगफुटीसारखा पाऊस झाला, गटारे तुंबली आणि रस्त्यावरचे पाणी घरात आले, हा प्रकार त्यात नीट येत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस ओतला. क्वीन्समध्ये तळघरातल्या घरांत माणसे बुडून मेली. जवळ ना नदी होती ना समुद्र.

दुसरी गोष्ट, नकाशा मागच्या नोंदींवर उभा असतो. २०१८ मध्ये हवामान खात्याने टेक्सासच्या पावसाचे आकडे नव्याने काढले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये ‘शंभर वर्षांचा’ २४ तासांचा पाऊस सुमारे १३ इंचांवरून १८ इंचांच्या आसपास गेला. म्हणजे पिशवीतल्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या आणि आपण जुन्याच मोजणीवर घरे घेत होतो. नवे नकाशे तयार होऊन लागू व्हायला वर्षे जातात. मधल्या काळात आजूबाजूची शेते जाऊन पार्किंग लॉट येतात, जमिनीत मुरणारे पाणी वाहू लागते, आणि नकाशावरची रेघ आहे तिथेच राहते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकातली दोन धरणे आहेत. एरवी ती कोरडी असतात, गवत आणि झाडी. फार मोठ्या पावसात पाणी अडवायचे आणि शहर वाचवायचे, यासाठी ती बांधली. अडवलेले पाणी जिथवर चढू शकते त्या सगळ्या पातळीपर्यंतची जमीन मात्र सरकारने घेतलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या, शाळा झाल्या, आपल्यासारख्या लोकांनी चांगली शाळा बघून घरे घेतली. हार्वीत धरणांनी आपले काम केले, पाणी अडवले, आणि ते मागे पसरत त्या घरांत गेले. फॉर्मवरच्या हो-नाहीमध्ये धरणाच्या मागच्या पाण्याला जागाच नव्हती.

सक्ती कुणाला, किती

घर ए किंवा व्ही झोनमध्ये असेल, आणि कर्ज केंद्र सरकारच्या देखरेखीखालच्या बँकेचे किंवा एफएचए, व्हीए यांसारख्या सरकारी हमीचे असेल, तर पूरविमा घ्यावाच लागतो. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्था ज्या बँकांकडून कर्जे विकत घेतात त्यांनाही हीच अट लागू आहे, त्यामुळे व्यवहारात बहुतेक कर्जे यात येतात. रोख पैसे देऊन घेतलेल्या घराला सक्ती नाही. कर्ज फिटले की सक्ती संपते, आणि अनेक जण त्याच महिन्यात पॉलिसी सोडतात. पाण्याला मात्र कर्ज फिटल्याचे कळत नाही.

किती रकमेचा विमा? शिल्लक कर्ज, घराची विमायोग्य किंमत आणि एनएफआयपीची कमाल मर्यादा, या तिन्हींतली जी रक्कम सर्वांत कमी, निदान तेवढा. एका कुटुंबाच्या घरासाठी इमारतीची कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, आणि घरातल्या सामानाची १,००,००० डॉलर. बँकेला सहसा इमारतीशी देणेघेणे असते. सामानाचा विमा आपण होऊन मागावा लागतो. कर्ज अगदी थोडे उरले असेल तर सक्तीची रक्कमही थोडी, आणि तेवढ्याच रकमेची पॉलिसी घेणारा माणूस बँकेचे संरक्षण करतो, स्वतःचे करत नाही.

ही अट कर्ज असेपर्यंत चालू राहते. पाच वर्षांनी नवा नकाशा आला आणि घर एक्समधून एईमध्ये गेले, तर बँकेचे पत्र येते. ते पत्र जाहिरात समजून बाजूला टाकू नका. पत्रापासून ४५ दिवसांत पॉलिसी दाखवली नाही तर बँक तुमच्या वतीने स्वतः विमा घेते आणि खर्च तुमच्या माथी मारते. अशी पॉलिसी बहुधा बरीच महाग असते आणि त्यात तुमचे सामान बहुधा धरलेले नसते.

उलटही घडते. नकाशाच्या मोठ्या मापात तुमच्या घराखालचा उंचवटा सुटून गेलेला असू शकतो. अशा वेळी सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्यावी. घराला लागून असलेली सर्वांत खालची नैसर्गिक जमीन बेस फ्लड एलेव्हेशनच्या बरोबरीने किंवा वर निघाली, तर फेमाकडे नकाशा दुरुस्तीच्या पत्रासाठी अर्ज करता येतो. त्याला लोमा म्हणतात. फेमा त्याचे शुल्क घेत नाही, खर्च होतो तो सर्व्हेअरचा. पत्र मिळाले की कायद्याची सक्ती उठते, तरी बँक स्वतःच्या नियमाने विमा मागू शकते. मी दोघांना हा अर्ज करायला मदत केली. दोघांनाही पत्र मिळाले, आणि दोघांनीही कमी रकमेचा का होईना विमा चालू ठेवला, याचे मला समाधान आहे.

हप्ता कशावर ठरतो

पूर्वी झोनच्या अक्षरावरून हप्ता ठरायचा. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना, आणि एप्रिल २०२२ पासून जुन्यांनाही, रिस्क रेटिंग २.० ही नवी पद्धत लागू झाली. आता घर पाण्यापासून किती लांब आहे, जमिनीची आणि पहिल्या मजल्याची उंची किती, पाया कसला आहे, घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, हे बघून प्रत्येक घराचा वेगळा हप्ता काढतात. झोनचे अक्षर आता सक्ती आणि बांधकामाचे नियम ठरवते; हप्ता ठरवत नाही. म्हणून ‘शेजाऱ्याला इतका हप्ता आहे’ यावरून आपला अंदाज बांधू नका. ज्यांचे हप्ते नव्या पद्धतीत खूप वाढणार होते त्यांच्या राहत्या घराच्या बाबतीत कायद्याने वर्षाला साधारण १८ टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही.

घर विकत घेणाऱ्यांसाठी यातच एक कामाची गोष्ट दडली आहे. विकणाऱ्याची एनएफआयपी पॉलिसी घरासोबत आपल्या नावावर करून घेता येते, आणि त्याचा हप्ता हळूहळू वर चढत असेल तर तीच पायरी आपल्याला मिळते. नवी पॉलिसी काढली तर एकदम पूर्ण भाव. एजंट आपण होऊन हे सांगेलच असे नाही.

आपल्या शहराने किमान नियमांपलीकडे जाऊन काम केले असेल तर सगळ्यांनाच सवलत मिळते, ५ पासून ४५ टक्क्यांपर्यंत. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९८४ च्या पुरात १४ माणसे गेली. त्यानंतर शहराने धोक्याच्या जागेतली घरे विकत घेऊन तिथे मोकळी मैदाने आणि पाणी साठवणारी तळी केली, आणि पुढे ते सवलतीच्या सर्वांत वरच्या वर्गात पोहोचले. नगरसभेच्या बैठकीत अशा खर्चाचा ठराव येतो तेव्हा आपण तिथे हजर राहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पॉलिसीत काय मिळते आणि काय नाही

इथे सावकाश वाचा, कारण निराशा बहुतेक वेळा इथेच पदरी पडते.

आधी ‘पूर’ म्हणजे काय ते. एरवी कोरडी असलेली जमीन तात्पुरती पाण्याखाली गेली पाहिजे, आणि ते पाणी दोन एकरांवर किंवा तुमच्यासह किमान दोन मालमत्तांवर पसरलेले असले पाहिजे. फक्त तुमच्याच घरात, तुमच्याच फुटक्या पाइपमुळे आलेले पाणी हा पूर नाही. गटाराचे पाणी उलटे वर आले तर ते पुराचाच थेट परिणाम असेल तेव्हाच धरतात. त्याचे वेगळे संरक्षण होमओनर्स पॉलिसीला जोडून घेता येते आणि ते जरूर घ्यावे.

तळघर हा सर्वांत दुखरा भाग. न्यू जर्सीत किंवा शिकागोकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी तळघरात काय काय केलेले असते! पाहुण्यांची खोली, मुलांची अभ्यासिका, देवघर, मोठा टीव्ही, पुस्तकांची कपाटे. ज्या जागेची फरशी चारही बाजूंनी जमिनीखाली आहे ती एनएफआयपीच्या लेखी तळघर, आणि तिथले संरक्षण अगदी मोजके. घर तापवायची भट्टी, पाणी तापवायची टाकी, विजेचा पॅनेल, पाया, जिना मिळतो. सामानाचा विमा असेल तर वॉशर, ड्रायर आणि फ्रीझर मिळतात. गालिचा, फर्निचर, टीव्ही, सजवलेल्या भिंती, कपडे यातले काही मिळत नाही. पाणी आधी तळघरातच जाते, हे लक्षात घेऊन मौल्यवान काय आणि कुठे ठेवायचे ते ठरवावे. पासपोर्ट, जुने फोटो, आईवडिलांनी दिलेल्या वस्तू तळघरात ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

गाडी या पॉलिसीत नाही. तिला गाडीच्या विम्यातले कॉम्प्रिहेन्सिव्ह लागते. कुंपण, डेक, पोहण्याचा तलाव, बाग नाही. रोख पैसे नाहीत. दागिने आणि कलावस्तू मिळून फक्त २,५०० डॉलरपर्यंत, म्हणजे लग्नातल्या सोन्याची जागा लॉकरमध्येच. घर दुरुस्त होईपर्यंत बाहेर राहण्याचे भाडेही मिळत नाही, आणि दुरुस्ती महिनोन्महिने चालते. भरपाईचा हिशेबही दोन प्रकारचा आहे. स्वतःच्या राहत्या घराला पुरेशा रकमेचा विमा असेल तर इमारतीचे नवे काम करायला लागणारा खर्च मिळतो. सामानाला मात्र नेहमी घसारा वजा करून: दहा वर्षांच्या सोफ्याला दहा वर्षांच्या सोफ्याची किंमत. इमारत आणि सामान यांचे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, हेही वेगवेगळे कापतात.

खासगी कंपन्या आता पुन्हा या क्षेत्रात आल्या आहेत, आणि २०१९ पासून ठरावीक अटी पुऱ्या करणारी खासगी पॉलिसी बँकांना मान्य करावीच लागते. त्यात मर्यादा मोठी मिळू शकते, बाहेर राहण्याचा खर्चही मिळू शकतो. पण मोठ्या पुरानंतर खासगी कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते, हा धोका जमेस धरून मगच निवड करावी.

‘सरकार मदत करेलच’ या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एवढेच: फेमाची थेट मदत राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तरच मिळू शकते, तिच्यातली घरासाठीची कमाल रक्कम अलीकडे सुमारे ४३,००० डॉलर होती, आणि प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती त्याहून फार कमी पडते. त्यापलीकडे जे मिळते ते कर्ज, व्याजासह फेडायचे. दुसरीकडे, घरात एक इंच पाणी आले तरी नुकसान २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते, असा फेमाचाच अंदाज आहे.

तीस दिवस

वादळ समुद्रात दिसू लागल्यावर फोन करून पूरविमा घेता येत नाही. एनएफआयपीची नवी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात. अपवाद थोडे: नव्या कर्जासोबत घेतलेली पॉलिसी लगेच लागू होते, आणि नकाशा बदलून घर नव्याने धोक्याच्या क्षेत्रात आले असेल तर त्यानंतरच्या १३ महिन्यांत घेतलेल्या पॉलिसीला एकच दिवस थांबावे लागते. अटलांटिकच्या वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. म्हणजे एप्रिल संपायच्या आत निर्णय व्हायला हवा.

घर बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला थेट विचारा, या घरात कधी पाणी आले होते का, कधी विम्याचा दावा केला होता का. टेक्सास आणि न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत ही माहिती लेखी देणे आता कायद्याने बंधनकारक आहे. न्यू जर्सीत मार्च २०२४ पासून भाडेकरूंनाही ती द्यावी लागते. शेजाऱ्यांनाही विचारा. कुत्रा फिरवायला निघालेला म्हातारा शेजारी जे सांगतो ते कुठल्याही नकाशात सापडत नाही. जोराच्या पावसानंतर एकदा त्या रस्त्यावरून गाडी काढून या आणि पाणी कुठे थांबते ते बघा. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचा पूरविमा घेता येतो. काँडो असेल तर असोसिएशनची मास्टर पॉलिसी आहे का आणि किती रकमेची, ते मागून वाचा.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशीच कंपनीला कळवा. भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, आणि मगच भिजलेले सामान बाहेर टाका. फेकण्याआधी गालिचाचा, भिंतीचा एकेक तुकडा कापून ठेवा. बुरशी थांबवायला वाळवण्याचे काम लगेच सुरू करणे ही तुमची जबाबदारी मानली जाते, नुकसान तपासणारा अ‍ॅडजस्टर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. नुकसानीचा सही केलेला तपशील, ज्याला प्रूफ ऑफ लॉस म्हणतात, तो ६० दिवसांत द्यावा लागतो. मोठ्या आपत्तीत फेमा ही मुदत कधी कधी वाढवते. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त ठरला आणि घर धोक्याच्या क्षेत्रात असेल, तर नगरपालिका ते नव्या नियमांप्रमाणे उंच करायला लावू शकते. त्या कामासाठी पॉलिसीतून ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी रक्कम मागता येते, आणि ती मागायची असते हेच अनेकांना ठाऊक नसते.

केटीचे ते घर मित्राने बचत मोडून आणि कर्ज काढून पुन्हा उभे केले. झोन अजूनही एक्सच आहे आणि सक्ती कुणाचीच नाही, तरी पूरविमा आहे. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वहिनी फोन हातात घेऊन घरभर फिरतात, प्रत्येक कपाट उघडून, प्रत्येक यंत्राचा नंबर वाचून व्हिडिओ काढतात आणि तो भारतातल्या बहिणीला पाठवून ठेवतात. फोन पाण्यात गेला तरी तो तिच्याकडे असतो.